मासा सुटू नये अशी जाळी

लॅक्रोस म्हणजे काय, हे ऑफिसात पुन्हा एकदा समजावून सांगितलं: काठीच्या टोकाला जाळी असते, तिच्यात चेंडू झेलायचा, पळायचं, फेकायचा. "मग क्रिकेट काय वाईट होतं?" असं उत्तर आलं. त्याच आठवड्यात मी पुण्याहून नागपूरची गाडी धरली. एकटाच. सहा वर्षं राहून गेलेली माफी मागायची होती, आणि असल्या कामाला सोबत कोणाला न्यायचं?

नागपूरहून चंद्रपूर बसने तीनेक तास. स्टँडसमोर तीस रुपयांत तर्री पोहे मिळतात. पाण्याची बाटली आधीच उघडून ठेवा. मग आमचं जुनं मैदान पाहिलं. गोलच्या खांबांना दोरी बांधून कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या.

आमच्या विद्यापीठाच्या पुरुष लॅक्रोस संघाचा इतिहास एवढाच. चार वर्षं टिकला, आणि वैर एकाच संघाशी, नागपूरकरांशी. तीनदा त्यांनी आम्हाला धुतलं. चौथ्या वर्षी आम्ही एका गोलने पुढे होतो. आमच्या प्रल्हादची जाळी फाटली होती, नवी परदेशातून मागवायची ऐपत नव्हती, म्हणून त्याच्या वडिलांनी घरीच विणून दिली होती. ते मासे धरणारे. त्यांनी ती फेकजाळ्यासारखी खोल विणली, आत गेलेलं सुटूच नये अशी. नियम मात्र असा, की जाळीतला चेंडू काठीच्या टोकाच्या चौकटीखाली पूर्ण बुडाला तर काठी बाद. नागपूरकरांनी तपासणी मागितली. काठी बाद झाली, प्रल्हाद तीन मिनिटं बाहेर बसला, तेवढ्यात त्यांनी दोन गोल केले आणि आम्ही हरलो. मी कप्तान. सगळ्यांसमोर म्हणालो, "हा तलाव नाही, मैदान आहे. जा, मासे धर." त्यानंतर तो कधी खेळला नाही.

दुसऱ्या दिवशी मूल गावावरून गडचिरोलीकडे जाणारी बस घेतली आणि सावली गावाच्या अलीकडे उतरलो. फाट्यापासून प्रल्हादचं गाव दोन किलोमीटर, ऑटो मिळाला तर नशीब. धान कापून झालं होतं, बांध रिकामे. प्रल्हादचे वडील तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसले होते.

"प्रल्हाद नाई इथी. तेलंगणात गेला कामाले," ते म्हणाले. मी नाव सांगितलं, तसे त्यांचे हात थांबले. "तूच तो कप्तान व्हय? पोरगा सांगे मले. म्हणे, बा, तुह्या जाळीनं आमी नागपूरले हरवलं."

माफीची वाक्यं बसमध्ये पाठ केली होती, त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं.

"हो काकाजी," मी म्हणालो.

"मंग. माह्या जाळ्यातून मासा सुटते काय कधी?"

त्यांनी जेवू घातलं, भात आणि झणझणीत माशाचा रस्सा. निघायच्या आधी आत जाऊन माझ्यासाठी एक नवी जाळी घेऊन आले. "पोरासाठी करून ठेवली होती, पण तो आता खेळत नाई. तू ने. त्या टायमाले जराशी उथळ झाली होती. हे अजून खोल केली."

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला पोचलो आणि स्टँडवरूनच प्रल्हादला फोन लावला.

"मी तुझ्या घरी गेलो होतो. माफी मागायला."

पलीकडून ट्रकचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बाले काई सांगतलं काय तू?"

"नाही. जिंकलो म्हणालो."

"मंग ठीक हाय."

"आणि मी जे बोललो होतो ते?"

"ते मी आयकलं होतं," तो म्हणाला. "गाडी भरून राह्यलो. ठेवतो."

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबरात जा, रस्ते बरे आहेत, माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी परत आलो. रविवारी जुन्या काठीला ती जाळी बांधून सोसायटीच्या गच्चीवर गेलो. चेंडू टाकला, तो पार तळाशी गेला. कितीही झटकलं तरी सुटेना. सुटला असता तरी समोर झेलायला कोणी नव्हतं.