जोडव्यांचे मामा

माकणीचे जोडवेमामा बायकांना पायांवरून ओळखायचे. बाजारात समोरून हाक मारली तरी त्यांची नजर आधी खाली जायची आणि मग म्हणायचे, "व्हय, आपली सुमन!" एकदा सुनेनं बंद बूट घातले, तर घरच्या दारात त्यांनी तिलाच विचारलं, कुणाकडं आलात बाई?

मामा चांदीकाम करणारे सोनार. जोडव्याची दोन्ही टोकं ते कधी जुळवायचे नाहीत. नव्या नवऱ्या घट्ट करून मागायच्या, तेव्हा त्यांचं डोकं फिरायचं. "राबणाऱ्या बाईचं बोट फुगतंय गं. त्याला जागा नको व्हय?" म्हणत ते अंगठ्याच्या नखानं फट जराशी रुंद करून द्यायचे.

आमच्यात नवरीच्या पायात जोडवी मामानं घालायची रीत. माझ्या आईला भाऊ नव्हता. माझं लग्न ठरलं आणि भावकीत कुजबुज सुरू झाली. आई चुलीपुढं डोळे पुसत बसायची. जोडवेमामा दोऱ्यानं बोटाचं माप घ्यायला आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि माप घेऊन गेले. लग्नात मात्र कोरं धोतर नेसून हजर! माझा पाय गुडघ्यावर घेऊन त्यांनी जोडवी चढवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून ही माझी भाची." पुढं बिनभावाच्या बायकांच्या कितीतरी लेकींचे ते मामा झाले.

मी अणदूरला नांदायला आले. नऊ वर्षांनी मालक गेले, बसल्या जागी. दहाव्याला बायका माझी जोडवी उतरवायला बसल्या. खोटं कशाला सांगू, मीही मुकाट्यानं पाय पुढं केला होता. मामा सकाळच्या एसटीनं आले होते. ओसरीवरून उठून ते आत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"ही नवऱ्यानं घातली न्हायत, मामानं घातलीत. मामा जिता हाय तवर कुणी हात लावायचा न्हाय."

चुलतसासू तणतणत उठून गेली. पण हात कुणी लावला नाही.

त्यानंतर कुणी माझ्या पायांकडं बघून नाक मुरडलं की मी म्हणायची, मामा आहेत माझे. पण ते शिंकले असं कळलं तरी मी देवापुढं हात जोडायची. आपल्या जोडव्यांसाठी म्हाताऱ्याचं आयुष्य मागतेय, याची लाजही वाटायची.

गेल्या वर्षी मामा गेले. माकणीला पोचले तेव्हा सगळ्या बायकांची नजर माझ्या पायांवर असल्यासारखं वाटलं. मामींजवळ बसले आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मामींच्या पायात त्यांची झिजलेली जोडवी तशीच होती. ती काढा म्हणायची तिथं कुणाची छाती झाली नव्हती.

मामींनी माझा पाय बाहेर ओढला आणि मांडीवर घेतला. मला वाटलं, आता काढतात. त्यांनी जोडव्याखाली बोट फिरवून पाहिलं. इतक्या वर्षांत ते दबून घट्ट झालं होतं, बोटावर वळ उठला होता. मामींनी फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि ती जराशी रुंद केली, अगदी मामा करायचे तशी.

"मामा गेला," त्या म्हणाल्या, "मामी हाय की अजून. दुसरा पाय दे."