लहान मापाच्या बांगड्या

“हात सैल सोड गं माय,” असं म्हणत ती समोरच्या बाईचा पंजा दोन्ही हातांत घेऊन चेपायला लागायची. चौसाळ्याच्या कासारणीकडून तुम्ही कधी बांगड्या भरल्या असतील, तर हे ऐकलंच असेल.

गावात एसटीडी बूथ नुकते आले होते, त्या वर्षी शेजारच्या एका गावात चराईवरून भांडण पेटलं आणि मेंढपाळांची वस्ती जाळली गेली. वाचलेली माणसं आमच्या शाळेच्या दोन खोल्यांत आणून ठेवली. मी तिथं शिक्षिका. बीडहून डॉक्टर आले, झोपेच्या गोळ्या देऊन गेले. बायका भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या.

अशात ही बया बांगड्यांची पेटी घेऊन हजर. मला संतापच आला. लोकांची घरं जळाली आणि हिला धंदा सुचतोय! त्यातही मुद्दाम लहान माप काढायची. एकेक बांगडी चढता चढत नसे. मी तिला तसं सुनावलंच.

“मोठी बांगडी चटकन जाती बाई,” ती म्हणाली. “मग हात सोडावा लागतो.”

हळूहळू बायका बोलत्या झाल्या. एक तरणी सून तेवढी गप्प. तिची सासू आगीत गेली होती. तेव्हापासून हिनं अन्नही टाकलं होतं, नवरा हवालदिल झाला होता. कासारीण रोज तिचा हात घेऊन बसायची. एका दुपारी मी पाण्याची घागर घेऊन दाराशी आले आणि सुनेचा आवाज ऐकला.

“सासूला आत लपवलं अन् भाईरून कडी मीच लावली. घर रिकामं हाय असं वाटंल म्हून.”

मी दाराशीच थबकले. असलं काही कानावर पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आत जायचा धीर होईना, पाय मागेही निघेना. कासारणीचं हात चेपणं मात्र थांबलं नाही.

“मी बी लावली असती,” एवढंच ती म्हणाली.

सुनेनं हंबरडा फोडला. संध्याकाळी तिनं चतकोर भाकरी खाल्ली.

पुढं त्या लोकांना दुसरीकडे घरं मिळाली. कासारीणही नंतर तापाचं निमित्त होऊन गेली. मग एकदा ती सून शाळेत आली, कडेवर लेक. लेकीला पहिल्या बांगड्या कासारणीच्याच हातून भरायच्या होत्या. ती गेल्याचं सांगितलं तशी व्हरांड्यात मटकन खाली बसली. रडून झाल्यावर हळूच म्हणाली, “बाई, तिनं माजं कुणाला सांगितलं तर न्हाई?”

“मला तरी तिनं काही सांगितलं नाही,” मी म्हणाले.

फाटकाशी तिचा नवरा सायकल धरून उभा होता. बायकोला सांभाळलंत म्हणून त्यानं मला हात जोडले.