सोबतीला गीताबाई

गीताबाईशिवाय त्या वस्तीवरची एकही बाई वडवणीच्या दवाखान्याची पायरी चढत नसे. बाईमाणसानं एकटीनं डॉक्टरकडं जायचं नाही, हा कायदा कुणी केला देव जाणे, पण पाळला मात्र जायचा. नवरे कामात, पोरं आपल्या नादात. मग गीताबाई पदर खोचून तयार. दुसरीला जे बोलायची लाज वाटे, ते ही डॉक्टरला खणखणीत आवाजात सांगायची. त्यातून काळीपिवळी जीप वस्तीवर यायची ती बाजाराच्या दिवशीच, म्हणून सगळी दुखणी बाजाराची वाट बघत बसायची. आजाराला वाराचं कसलं आलंय सोयरसुतक!

गीताबाईच्या रक्तात साखर आहे, हे नर्सबाईनं कधीच सांगितलं होतं. तिनं गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं, सोडून दिल्या. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, अन् गोळ्या कशाच्या?" नवरा धोंडीराम मान डोलवायचा. जी बाई भाकरी थापते ती आजारी नसते, एवढंच त्याचं वैद्यकशास्त्र.

माघात कापलेल्या तुरीचं टोकदार धसकट तिच्या डाव्या तळव्यात घुसलं. तिनं हळद दाबली, फडकं बांधलं. जखम भरेना. कडा काळ्या पडल्या, फडक्याला वास येऊ लागला. पण दुखेना, आणि दुखेना म्हणून तिला वाटलं, बरं होतंय. इथंच घोडं पेंड खात होतं. ज्या पायानं बोंब ठोकायची, तो गप्प बसला होता.

चैत्रात शेजारच्या छबुबाईला खोकल्यानं हैराण केलं. बाजाराच्या दिवशी गीताबाई तिला घेऊन गेली.

"मावशी, आज कुणाला आणलं?" डॉक्टर हसून म्हणाले.

दाखवावा का पाय? तिनं तो हळूच बाकाखाली ओढला. डॉक्टरनं ठेवूनच घेतलं तर छबुबाईला घरी कोण नेणार? आणि आपल्या उशाशी कोण बसणार?

"छबूला तपासा," ती म्हणाली.

बाजार उरकून दोघी जीपकडं निघाल्या. ऊन मी म्हणत होतं. छबुबाई एकदम थांबली.

"गीताबाई, तुमची एक चप्पल कुठाय?"

खाली बघते तर डावा पाय उघडा. चप्पल गेलेली, फडकंही गेलेलं, कुठं ते ठाऊक नाही. डांबराची धग उजव्या पायाला चपलेतूनही लागत होती, आणि डावा त्यावर निवांत टेकलेला. तिनं तो मुद्दाम दाबून पाहिला. काहीच नाही. मागं रस्त्यावर ओले काळपट डाग पडले होते, पार भाजीवाल्यांपर्यंत. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःच्या जिवाची भीती वाटली.

"छबू, माघारी चल माझ्यासंगं. पाय दाखवायचाय. आत्ताच्या आत्ता."

छबुबाईनं पायाकडं पाहिलं आणि नाकाला पदर लावला. जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

"आता? गाडी चुकंल की. म्हशीची धार ऱ्हाईल, सासू मला घरात घ्यायची न्हाई. पुढच्या बाजारी जाऊ. मी येते ना सोबतीला, आईशप्पत."

दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता. गीताबाई तिकडं तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. आजवर त्या दारातून ती एकटी कधी आत गेली नव्हती. मग तिनं पदरानं पाय पुसला आणि जीपमध्ये छबुबाईशेजारी जाऊन बसली.