निरभ्र आकाशाखालची लाट

"वारा पडलाय म्हणून समुद्र शांत आहे असं समजू नकोस," असं ती म्हणायची आणि तळहात टेबलावर पालथा ठेवून हळूहळू पुढे सरकवायची. ती तिची लाट. दूर दक्षिणेत वादळ होतं आणि दोन-तीन दिवसांनी त्याची लाट निरभ्र आकाशाखाली बेटांवर येऊन आदळते, हे मी तिच्याकडूनच शिकले.

नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या एका लहान कंपनीत ती मालदीवच्या बोटींसाठी पुढच्या चोवीस तासांचा हवामानाचा आणि समुद्राचा अंदाज लिहीत असे. मी शेजारच्या टेबलावर. वयाने बरीच लहान, म्हणून तिला ताई म्हणायचे. आमचा साहेबही तिच्यासारखा पुण्याचाच, तिच्याच कॉलेजातला.

लॉकडाउन लागला आणि ताई अ‍ॅमस्टरडॅममधल्या बुइटनव्हेल्डर्टच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी लॅपटॉप मांडून बसली. मी पलीकडच्याच गल्लीत राहायचे, तिचं सामान दाराशी ठेवून यायचे. पर्यटक नसलेल्या त्या बेटांवर तांदूळ आणि औषधं नेणाऱ्या बोटीचा एक नाखवा तिला फोन करायचा. सिनेमे पाहून शिकलेलं हिंदी बोलायचा. ताईला कोरोना झाला तेव्हा समुद्राच्या आधी तो तिच्या खोकल्याची चौकशी करी.

एके दिवशी तिने लिहिलं, आकाश निरभ्र, वारा मंद, पण संध्याकाळी दक्षिणेकडून उंच लाटा येतील, खडकांमधल्या वाटेने बोटी नेऊ नयेत. बोटीच्या मालकाचा माल अडकला होता. त्याने साहेबाच्या मागे लकडा लावला, आणि साहेबाने लाटांचा भाग काढून अंदाज पाठवला. बेटावरून ताईला फोन त्या दिवशी लागत नव्हता. नाखवा मालकाने पुढे पाठवलेलं तेवढंच वाचून निघाला.

बोट खडकांवर फेकली गेली. माणसं वाचली, नाखव्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबाने मालकाला सांगितलं की अंदाज लिहिणारीच चुकली. संध्याकाळी मी गेले तर ताई अंतर राखून दारातच उभी होती. म्हणाली, "मी त्याला सोडणार नाही. आरडाओरडा करणार नाही, पण सोडणारही नाही."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा राग थंड होत नाही, फक्त कामाला लागतो. तिने राजीनामा दिला. रोज पहाटे उठून साध्या हिंदीत आवाज रेकॉर्ड करून नाखव्यांना अंदाज पाठवू लागली. एकेका बोटमालकाला फोन करून कोणती ओळ कुणी काढली ते सांगितलं. एकेक जण कंपनी सोडून तिच्याकडे आला. साहेबाचा चेहरा दर आठवड्याला उतरत गेलेला मी पडद्यावर पाहत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शेवटी बेटांचं सगळं कामच हातचं जायची वेळ आली, तेव्हा त्याने तिला भागीदारीचा निरोप पाठवला. ती म्हणाली, आधी नाखव्यासमोर खरं बोल, मग बघू.

कॉल झाला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात होते. साहेब खाली मान घालून म्हणाला, "चेतावनी इन्होंने लिखी थी. मैंने निकाल दी."

नाखवा म्हणाला, "अल्लाह आपको माफ़ करे," आणि ताईला उद्याचा समुद्र कसा आहे ते विचारलं. तिने शांतपणे सांगितलं. मग लॅपटॉप मिटला.

भागीदारीला तिने नकार दिला. मी म्हटलं, "ताई, झालं ना आता?"

"त्यांनी माफ केलं. पाय त्यांचा होता," ती म्हणाली. "मी केलेलं नाही."

विमानं सुरू झाल्यावर ती कायमची बेटांवर राहायला निघाली. निरोपाला मी होते, आणि न बोलावता साहेबही आला. तेव्हा सगळे करायचे तसं त्याने हाताऐवजी कोपर पुढे केलं. ताईने त्या कोपराकडे नीट पाहिलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि टॅक्सीत बसली. टॅक्सी वळणाआड गेली तरी त्याचं कोपर तसंच पुढे होतं.