काकांची तांबडी पेन्सिल

"मला अजिबात काही न कळणारं माणूस हवंय हो. तुमच्या पाहण्यात आहे का कुणी?"

समोरच्या घरातले काका आमच्या सोप्यात बसून बाबांना विचारत होते आणि मी आतल्या दाराच्या पडद्याआड उभी होते. बाबा दरबारच्या कचेरीत कामाला. तिथं सगळंच कळणाऱ्या माणसांची गर्दी, त्यामुळे त्यांना जरा विचार करावा लागला. मग म्हणाले, "आमची थोरली आहे की. मुंबईला मामाकडे राहून मिशनच्या शाळेत शिकलीय. इंग्रजी सरळ वाचते. शास्त्रातलं मात्र तिला ओ की ठो कळत नाही."

"वा! छान!" काका म्हणाले. एखादं स्थळ पसंत पडावं तसा त्यांचा आवाज झाला होता.

ज्ञानी माणसाच्या शोधात रानोमाळ फिरणारे पुष्कळ होऊन गेले असतील. अज्ञानी माणसाच्या शोधात मंगळवार पेठ पालथी घालणारे मात्र आमचे काका एकटेच, हे मी पैजेवर सांगते. काका म्हणजे सख्खे नव्हेत. ते दरबारच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. कॉलेज कोल्हापुरात, पण परीक्षा, पदव्या आणि शेवटचा शब्द मुंबईच्या विद्यापीठाचा. कोल्हापुरानं मुलं शिकवून तयार करावीत आणि परीक्षेला मुंबईकडे धाडावीत, एवढंच कॉलेजकडून अपेक्षित होतं. संशोधन करा असं काकांना कुणी सांगितलं नव्हतं. महाराजांच्या दरबारात अर्जावर अर्ज करून त्यांनी ते काम स्वतःच मागून घेतलं. आणि विषय कुठला, तर गूळ. "ज्या गावाच्या वाऱ्याला गुळाचा वास, तिथं बसून मी विलायतेतल्या कोळशावर लिहू होय?" असं ते विचारायचे. कॉलेजातले इतर प्रोफेसर मागं त्यांना 'वाणी' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत. वाण्याला निदान माल कळतो," असं त्यांचं त्यावर उत्तर.

त्यांच्या काळ्या कोटाच्या चारी खिशांत कागदात बांधलेले गुळाचे खडे असत आणि प्रत्येकावर गावाचं नाव. त्यामुळे कोटावर मुंग्यांची कायमची ये-जा. फळ्यावर लिहिताना बाहीतून मुंगी उतरली, की ती पलीकडे पोचेपर्यंत काका खडू थांबवून उभे राहत. गुळाच्या पेठेत तर व्यापारी त्यांना लांबून पाहून ढेपा झाकायचे. ते नखानं ढेप खरवडत, जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि भर गिऱ्हाइकांत निकाल देत, "हा श्रावणात रडणार." म्हणजे पावसाळी हवेत त्याला पाणी सुटणार. एका नवख्या व्यापाऱ्यानं एकदा हात जोडले. "ओ पावणं, सकाळच्या पारी अपशकुन करू नगा. ह्यो खडा घ्या आन् फुडं व्हा!" काकांनी तो खडा घेतला, कागदात बांधला आणि त्याला त्या गुळाच्या गावाचं नाव विचारलं.

घराचंही त्यांनी असंच करून टाकलं होतं. मागच्या थंड, अंधाऱ्या खोल्या संशोधनाला लागतात म्हणून त्यांनी त्या घेतल्या, आणि काकूंची चूल आली रस्त्याकडच्या पहिल्या खोलीत. "लोकांच्या घरात पाहुण्याचं स्वागत गूळपाण्यानं होतं. आमच्यात पाहुणा फोडणीनं ठसकतच आत येतो," असं काकू म्हणत. आमच्या माडीच्या खिडकीतून त्यांची चूल, चुलीवरची फळी, फळीवरचे डबे, सगळं दिसायचं. मी त्या खिडकीत पुष्कळ बसायचे. गल्लीतल्या मुली मला 'मडम' म्हणत. माझं मराठी पुस्तकी, इंग्रजी इथं निरुपयोगी, त्यामुळे बोलण्यापेक्षा बघणं सोपं पडायचं.

आणि विद्यार्थी! कॉलेजात काचेच्या पेटीतला एकच अचूक तराजू होता. विद्यार्थी त्यावर वजन करायला बसला, की काका बाहेर व्हरांड्यात दोन्ही हात पसरून उभे. पाऊल वाजलं तरी काटा हलतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा खुद्द प्रिन्सिपॉलसाहेब आले, तर त्यांनाही थांबवलं. "आत माझा मुलगा वजन करतोय. तुमची चाल जरा जड आहे, बागेतून जा." साहेब बागेतून गेले. मुंबईला पाठवायच्या निबंधावर काका विद्यार्थ्याचं नाव आधी घालत, आपलं नंतर, आणि कधीकधी घालायचंच विसरत.

पण कुठलाही निबंध मुंबईला जाण्याआधी शास्त्र न शिकलेल्या एका माणसानं तो ऐकला किंवा वाचला पाहिजे, आणि जिथं कळलं नाही तिथं तांबड्या पेन्सिलीनं फुली मारली पाहिजे, हा त्यांचा नेम होता. "शहाणा माणूस अर्धं आपल्या मनानं भरून घेतो. न कळणारा अडतो. तो जिथं अडतो, तिथंच चूक लपलेली असते." आधी त्यांनी न्हाव्याला ऐकवून पाहिलं. तो प्रत्येक वाक्याला "व्हय, बरोबर हाय" म्हणाला. "आणि वस्तरा गळ्यावर असताना 'का बरोबर?' असं मलाही विचारवेना," असं काका सांगत. मग कोपऱ्यावरचे पेन्शनर सुभेदार. त्यांनी उभं राहून सलाम ठोकला. "समजलं, साहेब!" काकू म्हणाल्या, "मला सगळंच कळलं नाही. पानं वाढलीत." शेवटी माझी पाळी आली.

दर शनिवारी दुपारी मी रस्ता ओलांडून जायचे. काकू दारात तांदूळ निवडत बसत. मी वाचायचे आणि काका समोर बसून कागदाकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. पहिला निबंध संपला, पेन्सिल जशीच्या तशी. दुसराही संपला. खरं तर मला पानापानाला अडायला होत होतं. पण शाळेत मी एकदा प्रश्न विचारला होता, तेव्हा माझ्या उच्चारांना सगळा वर्ग हसला होता, बाईसुद्धा. तेव्हापासून मी समजल्यासारखी मान हलवायला शिकले होते आणि ते मला फार चांगलं यायचं.

"एकही फुली नाही?" काकांनी कागद उलटसुलट करून पाहिले. "इतकं चांगलं मी लिहीत नाही गं." मग चष्मा पुसत म्हणाले, "मुंबईहून उत्तर येतं, 'कागद पोचले'. इथं सगळे व्हय व्हय म्हणतात. कुणी काही विचारतच नाही. वर्षभर भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं कधीकधी." मी त्यावरही मान हलवली.

त्या वर्षी त्यांचा जीव कासीमच्या निबंधात अडकला होता. कासीम कुरुंदवाडचा. घरचा धंदा कल्हईचा, आणि त्या घरातला कॉलेजात आलेला हा पहिलाच. निबंध मुंबईनं मान्य केला तरच त्याला पदवी मिळणार होती. रस उकळताना गूळ करणारे गुळवे मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चीक घालतात किंवा चुना. यांतला कुठला गूळ पावसाळ्यात टिकतो, हा त्याचा प्रश्न. चोवीस मडकी मागच्या खोलीत मांडली होती. भेंडीच्या मडक्यांच्या गळ्यात हिरवा दोरा, चुन्याच्यांच्या गळ्यात पांढरा. आषाढात कासीम घरी गेला आणि पुरानं कुरुंदवाडची वाट बंद झाली. काका परीक्षेच्या कामासाठी मुंबईला. दोघांनी परत येऊन मडकी उघडली, तर चुन्याचा गूळ पाघळलेला आणि भेंडीचा खडखडीत. काका कासीमला धरून नाचायचेच बाकी होते. गल्लीभर गूळ वाटला. कुरुंदवाडहून कासीमचे वडील कल्हई केलेलं नवं पातेलं घेऊन आले. "सायेब, आमच्या सात पिढ्यांनी भांडी उजळली. पोरानं नाव उजळलं बगा."

शनिवारी मी तो निबंध वाचला. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, चोवीसही मडकी पावसाळाभर एकाच खोलीत, एकाच हवेत होती. तिथं मी थांबले. ते दोघं गावात नव्हते, तेव्हा मी खिडकीतून चुलीवरच्या फळीवर मडकी पाहिली होती. एका ओळीत बारा, गळ्यात हिरवे दोरे. जवळजवळ महिनाभर ती तिथं शेकत होती आणि काका येण्याच्या आदल्या दिवशी नाहीशी झाली होती.

पेन्सिल हातात होती. दारात काकू तांदूळ निवडत होत्या. भिंतीला टेकून कासीम उभा होता, नखं खात. कोनाड्यात ते नवं पातेलं चकाकत होतं. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"एकही नाही?"

मी मान हलवली.

निबंध सोमवारच्या टपालानं जायचा होता. रविवार मी कसा काढला ते सांगत नाही. सोमवारी सकाळी काकू विहिरीवर असताना मी कुणाला न विचारता रस्ता ओलांडला. निबंध टेबलावर बांधून ठेवला होता. दोरी सोडली, तिसरं पान काढलं, त्या वाक्यापुढं फुली मारली आणि पळत परत आले.

थोड्या वेळानं काका ते पान हातात घेऊन आमच्या माडीवर आले. आनंदानं त्यांचा चेहरा फुलला होता. "फुली! काय कळलं नाही? बोल!" मी बाजूला सरकून खिडकीबाहेर बोट केलं, चुलीवरच्या फळीकडे. त्यांनी पाहिलं. पुन्हा पानाकडे पाहिलं. मग त्यांनी तिथूनच हाक मारली, "अहो, जरा बाहेर या! आम्ही गावात नसताना मडकी तिथं ठेवली होती का?"

"मग काय करणार?" ओली घागर कमरेवर घेऊन काकू रस्त्यातूनच म्हणाल्या. "दाराकडच्या बारांना मुंग्या लागल्या होत्या. पोराची मेहनत मुंग्यांना खाऊ घालू?"

म्हणजे भेंडीची करामत अर्धीअधिक चुलीची निघाली. निबंध मुंबईला गेला नाही. कासीमचं एक वर्ष गेलं. मी खिडकी लावून घेतली होती, पण त्याचा आवाज आलाच. "पुन्ना मांडू की, सर. गूळ काय पळून जातोय व्हय?" त्याचे वडील ते पातेलं परत न्यायला निघाले, तर काकांनी नेऊ दिलं नाही. काकू आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढं बघतेस, तर तेव्हाच हाक मारायचीस की गं." ते खरंच होतं.

दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याकडे. या वेळी फरक पडला, पण थोडा. "थोडा आहे, पण आपला आहे," असं काका म्हणाले. निबंध मान्य झाला, कासीमला पदवी मिळाली आणि कॉलेजात काकांच्या हाताखाली कामही. निबंधाच्या शेवटी 'समोरच्या घरातील, ज्यांना एक वाक्य समजले नाही, त्यांचे' आभार होते. मुंबईच्या परीक्षकानं त्या ओळीखाली रेघ मारून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं. काकांना परीक्षेच्या निकालापेक्षा त्याचाच आनंद. "बघ, बघ! मुंबईलाही एक गोष्ट समजली नाही!"

त्यानंतर शनिवारी मी भरपूर फुल्या मारल्या. बोलून मात्र कधी काही विचारलं नाही. फुली मारायची, पान त्यांच्याकडे सरकवायचं, आणि मग ते तासभर समजावत बसायचे. माझ्या आयुष्यात तेवढा एक तास माझ्याशी कुणीतरी बोलत असे, आणि बहुधा त्यांच्याही आयुष्यात तेवढाच एक तास कुणीतरी खरं ऐकत असे. पण हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलं नाही.

पुढं त्यांचे डोळे अधू झाले. तराजूला दोन काटे दिसू लागले, तेव्हा त्यांनी आपणच पेन्शन मागितली. मुलगी वऱ्हाडात दिलेली, तिच्याकडे जायचं ठरलं. टांगा दारात उभा राहिला त्या दिवशी सगळी गल्ली जमली होती. काकू आधीच टांग्यात बसल्या होत्या, मांडीवर हिरव्या दोऱ्याचं एक मडकं. काका पायरीवर उभे राहून वर्गात सांगावं तसं सांगू लागले. "मुद्दा पहिला, मला आता दिसत नाही. मुद्दा दुसरा, तराजूची किल्ली आजपासून कासीमकडे. मुद्दा तिसरा, गूळ काही माझ्यावाचून अडत नाही. तेव्हा जाणं हेच बरोबर. समजलं ना सगळ्यांना?"

सुभेदारांनी सलाम ठोकला. "समजलं, साहेब." न्हावी म्हणाला, "व्हय, बरोबर हाय." कासीम खाली मान घालून उभा होता. बाबांनी मान हलवली, आईनं पदर डोळ्यांना लावून हलवली. मलाही सवयीनं हलवावीशी वाटली. पेन्सिलीचा राहिलेला तुकडा माझ्या मुठीत होता, पण फुली मारायला समोर कागद नव्हता.

काका वळले आणि चाचपडत टांग्याच्या पायरीवर पाय ठेवू लागले.

"काका," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा आहे हे गल्लीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "मला समजलं नाही. पुन्हा सांगा."