दल्मीरोचा आवाज

ताकुआरेंबो गावातल्या आमच्या इस्पितळात प्लास्टरची खोली मागच्या अंगणाला लागून होती. ओल्या प्लास्टरचा तो कोमट, चुनकट वास आता कुठे येत नाही. मी तिथे नर्स होते तेव्हा दल्मीरो एचार्त पहिल्यांदा आला तो घोड्यावर बसूनच. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलेलं, डावा हात गळ्यातल्या रुमालात अडकवलेला, ओठात हाताने वळलेली सिगारेट.

रानटी शिंगरं माणसाळवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे पडणंही ओघानं आलंच. हासळीनंतर मनगट मोडलं. उपड्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखं वाकलं होतं. डॉक्टर अरोस्पीदे वैतागले. "दल्मीरो, तुझं न मोडलेलं हाड तरी कुठलं राहिलंय?"

"कवटी, डॉक्टर. ती आईकडून आलीय."

मग एक घोडा त्याच्या अंगावरच कोसळला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, जखमेत माती नि गवत. उघडं फ्रॅक्चर म्हणजे सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी जखम धुतली आणि कप्पीवरून वजन सोडून पाय ताणून ठेवला. वॉर्डात जागा नव्हती, म्हणून त्याची खाट प्लास्टरच्या खोलीच्या दाराशी आली. पडल्या पडल्या तो माझं डोकं खायचा.

"नील्दाबाई, मोडणं आणि निखळणं एकच का?"

"नाही रे. निखळलं तर हाड बहुतेक धड असतं, नुसतं सांध्यातून बाहेर पडतं."

"म्हणजे कुंपण ओलांडून पळालंय. हाकलून आत घालायचं."

एका सकाळी बेकरीवाली ओफेलिया आली. पिठाचं पोतं उचलताना तिचा खांदा निखळला होता. खांदा म्हणजे उथळ वाटीत बसलेला गोळा. तो बाहेर पडला की भोवतीचे स्नायू आवळतात, आणि माणूस घाबरला की आणखीच. भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी गावात नव्हते. हात धरला रे धरला की ओफेलिया किंचाळायची.

तेवढ्यात दाराशी एक खालच्या पट्टीतला, संथ आवाज सुरू झाला. "ए बाई, इकडे बघ. भट्टीवर कोण आहे आत्ता?"

"नवरा," ती हुंदका देत म्हणाली.

"मग पाव करपले."

"करपू देत! त्यालाच खायला घालीन!"

"लोणी लावून की कोरडे?"

ती रडता रडता हसली. दल्मीरो बोलतच राहिला, पावाबद्दल, धुक्याबद्दल, कशाबद्दलही. तिची मान सैल पडली, मग दंड. डॉक्टरांनी हात हळूहळू ताणला आणि गोळा टक्कन वाटीत बसला.

पाय जुळला, पण आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, "घोडे संपले आता. इथे ये. प्लास्टर कालव, माणसांशी बोल."

"मी शिंगरांशी बोलतो, रडक्यांशी नाही!" असं म्हणून तो तरातरा, म्हणजे लंगडत, निघून गेला.

हिवाळा सरल्यावर बसने परत आला. मी माते, आमचा कडू पानांचा चहा, करून दिला. धातूच्या नळीने ओढून त्याने तो संपवला. मग म्हणाला, "तिथली नवी पोरं माझी शिंगरं चाबकानं फोडून काढतात. कुंपणावर बसून बघवत नाही, बाई." त्याचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघितलं. "एप्रन कुठाय?" त्याने विचारलं.

तो म्हातारा होईपर्यंत आमच्याकडे राहिला. गुडघा निखळलेला फुटबॉलवाला असो की खुबा मोडलेली आजी, डॉक्टर आधी म्हणायचे, "दल्मीरोला बोलवा." मुलांची हाडं ओल्या फांदीसारखी, पुरती तुटत नाहीत, मुडपतात. अशा मुलांना तो सांगायचा, "अरे, तू अजून हिरवा आहेस. रडतोस काय?" मात्र रस्त्यावरून घोड्यांचा कळप गेला की कालवलेलं प्लास्टर बादलीतच घट्ट व्हायचं. तो फाटकाशी उभा. मी मुकाट्याने दुसरं कालवायची.

तो वारला तेव्हा पाऊस लागला होता. त्याला बायकापोरं नव्हती. रात्रभर त्याच्याजवळ बसायला चार माणसं येतील असं वाटलं होतं. पण घर भरलं, अंगण भरलं. एकमेकांना न ओळखणारी माणसं बाह्या-विजारी वर करून सांगत होती, "माझा कोपर." "माझा घोटा." "माझी हासळी, दोनदा." पाऊस लागला की आमच्याकडे पुऱ्या तळतात; शेजारणीने तळलेल्या गरम पुऱ्यांची परात फिरत होती. कोणीच घरी जायला तयार नव्हतं.