बादल्या शेजारणींच्या होत्या

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बाहेरच्या मॅडम बोनकोड्याच्या आमच्या गल्लीत शिरल्या आणि घोळ सुरू झाला. त्याच्या आधीचेही किस्से आहेत. गवतातून चाललं की साडीला कुसळं चिकटतात, तसे घरोघर फिरणाऱ्या बाईला किस्से चिकटतात.

आमचं काम आधी सांगते. लहान मुलं घरात भाजू नयेत, पडू नयेत, बादलीत बुडू नयेत म्हणून एका संस्थेने आम्हा बायकांना ट्रेनिंग दिलं. कागद घेऊन घरं बघायची. गॅस उंचावर, बादली रिकामी, फिनाईल कडीच्या कपाटात. आमच्या कामाने खरंच काही फरक पडला का, ते बघायला दुसरीच, बाहेरची माणसं येणार होती; मॅडम त्यातल्याच.

मी यात शिरले माझ्या मुलीमुळे, स्वरामुळे. तिच्या पायावर चहा सांडला. पाय बरा झाला, पण सासूबाई तिला संगमेश्वरला घेऊन गेल्या. "घर नीट कर, मग पाठवते," म्हणाल्या. त्याला दीड वर्ष झालं. आता ती चार वर्षांची आहे.

*

शेजारच्या शोभाकाकी परभणीकडच्या. त्यांना सांगितलं, फिनाईल उंच ठेवा. पुढच्या आठवड्यात गेले तर नातू स्टुलावर चढून फळीला लोंबकळतोय. फळीवर फिनाईल, आणि त्याला खेटून बिस्किटांचा डबा.

"काकी, हे काय?"

"अगं, लेकरू बिस्किटं बी लई खातंय. म्हणलं, ती बी उंच ठेवावी."

*

घरमालकीण नंदाताई इथल्याच, गावातल्या. बादली रिकामी ठेवा म्हटलं तर कमरेवर हात.

"सकाली अर्धा तास पानी येतं. बादली रिकामी ठेवू तं दिवसभर काय तुझा कागद पिऊ?"

मग आम्ही बादलीवर झाकण ठेवलं, झाकणावर पाट्याचा वरवंटा. वरवंटा पायावर पडला तर काय, हे माझ्या कागदात नव्हतं.

*

ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, खाली बसून मुलाच्या उंचीवरून घर बघा. मी रोज संध्याकाळी बसायचे. एकदा नवरा कामावरून आला.

"काय हरवलं?"

"काही नाही. स्वराचा हात कुठवर पोचेल ते बघतेय." मी कपाटावर बोट ठेवलं.

तो बूट न काढता शेजारी बसला. माझं बोट धरून वीतभर वर सरकवलं.

"आता इथवर पोचेल," म्हणाला. "कडी वर घ्यायला लागेल."

*

फोनवर स्वरा म्हणाली, "मम्मी, तुझ्याकडे चटका बसतो ना?"

मी म्हटलं, "आता नाही बसत, बाळा." मग सासूबाईंना म्हटलं, "आई, सगळं नीट केलंय. पाठवा ना तिला."

"तू नीटच म्हणणार गो. बाहेरच्या कोणीतरी बघून सांगूदे."

म्हणून मी त्या मॅडमची वाट बघत होते.

*

तर तो सोमवार. मॅडम आल्या म्हटल्यावर गल्लीत पळापळ. शोभाकाकी फिनाईल घेऊन माझ्या दारात. "तुझ्याकडं ठेवते गं. तुझ्याकडं सध्या लेकरू नाही ना." त्या सहज बोलल्या. मी बाटली घेऊन आत ठेवली. मग नंदाताईंच्या भरलेल्या बादल्या आल्या, कुणाची शेगडी, कुणाचे कोयते. माझ्या एका खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

मॅडमनी घर निवडायला चिठ्ठ्या टाकल्या. निघालं आमचं.

त्या उंबऱ्यातच थांबल्या. "या घरात लहान मूल आहे?"

"आहे. गावी आहे."

"आणि हे सगळं?"

मागे बायका जमल्या होत्या. मग नंदाताई पुढे आल्या, दोन बादल्या उचलल्या. "या माज्या हायेत," म्हणाल्या. मागोमाग एकेक जण येऊन आपापलं घेऊन गेली. शेवटी राहिलं तेवढं माझं घर. मॅडमनी सगळं बघितलं, कडीसुद्धा ओढून बघितली.

"चांगलं केलंय," म्हणाल्या.

मी फोन पुढे केला. "मॅडम, एवढंच माझ्या सासूबाईंना सांगाल?"

"ताई, कुणाच्या घरात काय बघितलं ते आम्हाला बाहेर सांगता येत नाही. नियम आहे."

तुम्हाला तर तो नियम नाही. तुमच्यापैकी कुणी संगमेश्वरच्या बाजूला जाणार असेल, किंवा जाणारं कुणी माहीत असेल, तर तेवढा निरोप पोचवा. बाहेरच्या बाई येऊन बघून गेल्या, घर चांगलं आहे म्हणाल्या. आणि बादल्यांचं सासूबाईंच्या कानावर गेलंच असेल, तर त्या शेजारणींच्या होत्या म्हणून सांगा.